रॉनची बंदूक आणि माझं मेकॅनिकल

मी आयुष्यात एकच बंदूक हाताळली, आणि त्या भेटीत धोका फक्त बंदुकीला होता.

तेव्हा ऑस्ट्रेलियात, क्लेटनला एका घरात आम्ही सात विद्यार्थी राहायचो. (घरमालकाच्या माहितीप्रमाणे तीन!) आठवडाभर युनि, म्हणजे विद्यापीठ, आणि शनिवार-रविवार मी दोन तासांवरच्या रॉनच्या शेतावर कुंपणाच्या तारा ओढायला जायचो. रॉन सत्तरीचा, एकटा, मेंढ्या पाळणारा. 'सिद्धार्थ' त्याच्या जिभेला पेलेना, म्हणून मी 'सिड' झालो होतो.

नागपूरहून आई-बाबा पहिल्यांदाच आले, तेव्हा रॉनने आम्हाला जेवायला बोलावलं. पोचलो तर स्वारी व्हरांड्यात खिन्न बसलेली, मांडीवर जुनी रायफल. आठवड्यात कोल्ह्याने चार कोकरं नेली होती. त्या सकाळी कोल्हा अगदी समोर उभा होता आणि नेमकी रायफलीची कडी अडकली! ही कडी घोड्याखाली असते. ती खाली-वर केली की पुढचं काडतूस आत सरकतं. ती अर्ध्यावर रुसून बसली होती.

"कोल्हा माझ्याकडे बघून जांभई देऊन गेला, मेट," रॉन म्हणाला.

बाबांना त्याची दया आली. ते उभे राहिले आणि निवृत्त हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "माय सन इज मेकॅनिकल इंजिनिअर. फर्स्ट क्लास!"

(मी मेकॅनिकलमध्ये जे काही केलं होतं, ते सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. प्रत्यक्षात मला सायकलची चेनही बसवता येत नव्हती.)

"बाबा, नको..." मी कुजबुजलो.

"काहून नको? एवढं शिकलास कशासाठी?"

"ब्यूटी!" म्हणजे झकास. रॉनचे डोळे चमकले. त्याने सगळी काडतुसं आधीच काढून ठेवली होती. तरी पुन्हा आत निरखून खात्री केली आणि रायफल माझ्यापुढे टेबलावर ठेवली. सोबत एक स्क्रू ड्रायव्हर.

आई घाबरून उठली. "सिद्धू, पंचशील घेतो ना आपण? जीव घ्यायची वस्तू दुरुस्त करतोस? मोडलेलीच बरी ती!"

"अगं, कोकरांचा जीव वाचेल," बाबा म्हणाले.

"आणि कोल्ह्याचा?"

यावर बाबांनी पाणी मागितलं.

मी कडी ओढली. हलेना. तेल सोडलं. हलेना. मग, तीन माणसं बघत असताना गप्प बसणं बरं दिसेना म्हणून, मी एक स्क्रू काढला. मग दुसरा. तिसरा काढताच आतून 'टिंग' असा गोड आवाज आला आणि एक स्प्रिंग माझ्या कानाजवळून उडून थेट गवतात गेली!

"असंच असतं ते," मी बाबांना मराठीत धीर दिला.

पुढचा दीड तास आम्ही चौघं रांगत होतो. बाबा इस्त्रीच्या पँटमध्ये, रॉन गुडघेदुखीसकट. आई शोधत असल्यासारखं दाखवत होती, पण ती मनातून स्प्रिंग हरवावी म्हणून प्रार्थना करत असावी. स्प्रिंग सापडली नाही. उरलेलं जोडायला बसलो तर कडी निखळून हातात आली आणि दोन स्क्रू शिल्लक राहिले. मला रडू यायचं बाकी होतं. रॉनने सगळे तुकडे शांतपणे पुरचुंडीत बांधले, हे रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी त्याने ती पुरचुंडी गावातल्या बंदूक-कारागिराला दाखवली. संध्याकाळी फोन आला.

"सिड, कडीच्या सांध्यात गवताचं कुसळ अडकलं होतं. तो म्हणतो, चिमट्याने निघालं असतं."

"आणि आता?"

"आता निघत नाही असं काहीच राहिलेलं नाही, मेट."

रॉनने नवी रायफल घेतलीच नाही. कोकरांच्या राखणीला त्याने एक आडदांड अल्पाका आणला. लांब मानेचा तो प्राणी कोल्हा दिसला की ओरडत अंगावर धावून जातो. त्यानंतर एकही कोकरू गेलं नाही, आणि आईने एकदाचा सुटकेचा श्वास सोडला.

रॉनने अल्पाकाचं नाव 'सिड' ठेवलं. मी पुढच्या शनिवारी गेलो, तेव्हा त्याची ओळख करून देत म्हणाला, "हा कामाचा आहे."

बाबा नागपूरला सगळ्यांना सांगतात, ऑस्ट्रेलियात एका सुरक्षा अधिकाऱ्याला आमच्या सिद्धूचं नाव दिलंय. मी त्यात दुरुस्ती करायला जात नाही. एकदा केली ती पुरे!