व्याह्यांच्या मिशीला लटकलेली संत्री

माझ्या धाकट्या बहिणीचं, स्वातीचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) मोडायची वेळ आली होती आणि त्याला जबाबदार होत्या मी काढलेल्या मिशा.

मी डिजिटल डिझायनर. हुडकेश्वरच्या घरातच एका खोलीत बसून लोकांचे लोगो आणि पोस्टर करतो. दिवसभर प्रत्येक क्लायंट एकच सांगतो, "मस्त झालंय, फक्त लोगो जरा मोठा करा!" मोठा करून करून डोकं फिरलं, की संध्याकाळी मी चहा आणि पेन टॅब्लेट घेऊन नातेवाइकांची व्यंगचित्रं काढत बसतो. (माझ्या मते विरंगुळा. आईच्या मते रिकामे धंदे.)

साक्षगंधाच्या हॉलवर लावायचा स्वागताचा फ्लेक्स अर्थातच घरच्या डिझायनरच्या गळ्यात पडला. बाबांचा हट्ट, की त्यावर मुलाच्या वडलांचा, काटोलच्या बाबारावजींचा, फोटो मोठ्ठा हवा. बाबारावजी संत्र्यांचे व्यापारी. भारदस्त मिशा आणि हसू शून्य! बोलणी झाली तेव्हा आमच्या सगळ्या कौतुकावर ते एवढंच म्हणाले होते, "पाहू." स्वातीनं तेव्हापासून धसका घेतला होता.

फ्लेक्स तयार झाला आणि मी पार दमलो. मग त्याच फाइलमध्ये एक वेगळा लेयर टाकला (म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदच, हवा तेव्हा लपवता येतो) आणि बाबारावजींच्या मिशा कानांपलीकडे नेऊन दोन्ही टोकांना एकेक संत्रं लटकवलं. काय गार वाटलं म्हणून सांगू! मग लेयर लपवला आणि फाइल छपाईला पाठवली. म्हणजे, लपवला असं मला वाटलं.

साक्षगंधाच्या दिवशी हॉलवर पोचलो, तर फाटकाशी आई कपाळाला हात लावून उभी. वर भलेथोरले बाबारावजी आणि त्यांच्या मिशीला कलिंगडाएवढी संत्री!

"काहून गा, हे काय करून ठेवलं?"

"आई, तो लेयर..."

"चुलीत गेला तुझा लेयर! पाहुणे येऊन राहिले!"

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "भाऊ, छापताना तुले काही वाटलं नाही का गा?"

"वाटलं ना! म्हटलं, पाहुण्यांचा शौक असन!"

शिडी मांडववाला घेऊन गेला होता. बाबा खुर्चीवर चढून टेबलावरचा कपडा फ्लेक्सवर टाकायला लागले. तो मिशांपर्यंत पोचेना, झाकलं गेलं ते फक्त 'सहर्ष स्वागत'! तेवढ्यात कुहीच्या मावशीनं खाली उभं राहून सेल्फी काढला आणि ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये मुलाकडचेही होते!

स्वाती शालू सावरत धावत आली. "दादा, हे मोडलं ना, तर जन्मभर बोलणार नाही मी तुझ्याशी!" तिचं काजळ उतरायच्या बेतात होतं. मी घाईघाईनं तिच्या हातात माझा रुमाल कोंबला.

गाडी थांबली. हातात मोबाईल घेऊन बाबारावजी उतरले. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, खुर्चीवर कपडा धरून उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"कोणं काढलं हे?"

"मी," मी म्हणालो. (पळायची वाट गाडीनंच अडवली होती.)

बाबारावजींनी मिशीवरून हात फिरवला. आणि मग असे गदागदा हसायला लागले, की त्यांची बायकोसुद्धा दचकली!

"अरे, हेच पाहिजे होतं मले! आमच्या संत्र्यांच्या पेट्यांवर हेच छापू. लोकं दुरूनच म्हणतीन, बाबारावचा माल आला!"

स्वाती रडता रडता हसायला लागली. साक्षगंध दणक्यात झालं. आणि मी? एकही बदल न सुचवता मंजूर झालेलं माझं हे आयुष्यातलं पहिलं डिझाइन! त्या आनंदात मी छाती फुगवून पंगतीत जिलेबी वाढत सुटलो. बाबारावजींच्या पानाशी आलो, तसा त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"एक नंबर काम आहे तुझं," ते म्हणाले. "फक्त मिशा जरा मोठ्या कर."