सासूचं आणि माझं एकच नाव

जळगावच्या होस्टेलात मी आणि माझी धाकटी बहीण मोबाईलवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत लोळायचो. आमच्या लाडक्या मांगातल्या पोराला शाप होता: शिंकला की त्याचा बोकड व्हायचा. भर वर्गात, भर लग्नात. पण त्या जगातले शाप मोठे नियमाचे असतात. कशाने लागतो ते ठरलेलं, कशाने उतरतो तेही ठरलेलं. पुन्हा शिंक आली की बोकडाचा पोरगा. मधल्या वेळात लोक त्याला पाला घालतात, खुंटीला बांधतात आणि आपण खिदळतो. कारण आत तो जुनाच असतो, आणि भाग संपायच्या आत परत येणार हे पक्कं असतं. उतारा नसलेला शाप विनोदी मांगात चालतच नाही.

माझ्या शापाला मुहूर्त काढला होता. धुळ्याच्या सासूचं आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? सुनेवर ओरडायचं तर सासूच्या नावाने ओरडणार का? मग बदलायचं कोणी, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. फोटोत मीही हसते आहे. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

सासरी नव्या नावाने हाक आली की पहिल्यांदा मी मुद्दाम ऐकत नसे. दुसऱ्या हाकेला उठायची. सूनबाईला जरा कमी ऐकू येतं, अशी गल्लीत बोलवा झाली. होऊ दे म्हटलं. मला माझं नाव एकाच तोंडून हवं होतं. वडील पहिल्यापासून बेटा म्हणतात, बहीण अक्का. नावाने हाक मारणारी आई एकटीच. फोनवर ती नाव घेत नसे; सासू शेजारी असेल म्हणून असेल, अशी मी समजूत घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं आणि तिची हाक ऐकायची, एवढ्यावर मी दिवस काढले.

आखाजीला एसटीने भडगावला उतरले. वडील शेतात गेलेले, बहीण शेजारी झोक्यावर. आई मागच्या अंगणात खापरावर मांडे भाजत होती. मी ओट्यावर चपला काढल्या तेवढ्या आवाजावरून तिने ओळखलं. मागूनच हाक आली. नव्या नावाने.

"ओ," मी म्हटलं. पहिल्याच हाकेला.

मग डोकं फिरलं. मागे जाऊन ओरडले, "माय, घरमा कोणीच नही! तू तरी मनं नाव ले ना!"

तिने खापरावरची नजर काढली नाही. "नवं नाव एकटीच म्हणी म्हणी सवय करी लिन्ही, बेटा. तठे तोंडमातीन जुनं निंघी गयं तर तुले बोल लागी." मग माझ्याकडे बघून समाधानाने हसली. "चांगलं व्हयनं. तू बी लगेच ओ दिन्ही."