रॉकेलात बुडवलेली अंगठी

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. आम्ही सहा जण, सगळे कोल्हापूर-सांगलीकडचे. मी हवालदार, पोस्ट कमांडर. मला सगळे उस्ताद म्हणत. स्वभाव पहिल्यापासून संशयी. चहात साखर कमी लागली तरी मला स्टोअरमध्ये चोर दिसायचा. माझ्या माघारी पोरं मला 'सीआयडी' म्हणत, तेही मला ठाऊक होतं.

रोजचं काम ठरलेलं. बर्फ उपसायचं, पेट्रोलिंग करायचं, वायरलेस सेटवर रिपोर्ट द्यायचा आणि बुखारी विझू द्यायची नाही. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी. ती विझली की बंकरमध्ये पिण्याचं पाणीसुद्धा गोठायचं.

त्या हिवाळ्यात रॉकेलचे नवे बॅरल आले आणि वास बदलला. आधीचा धूर डोळ्यांना झोंबायचा, हा घशात जाऊन बसायचा. आगकाडी ओढली की नाकात चढतो तसा तिखट. चिमणी साफ केली, फरक पडला नाही. खोकला सगळ्यांनाच लागला, पण माझ्या छातीतून शिट्टी वाजू लागली.

नाईक शौकत हातकणंगले तालुक्यातला. घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीकाम. त्यांच्यात पुरुष सोनं घालत नाहीत, म्हणून वडिलांनी घडवलेली चांदीची अंगठी त्याच्या बोटात असे.

"उस्ताद, ह्यात गंधक हाय," तो म्हणाला.

"कशावरनं?"

"चांदीलाच इचारू की. गंधक आसलं तर काळी पडंल."

त्यानं मगात रॉकेल घेतलं आणि अंगठी त्यात सोडली. सकाळी काढली तर तव्याच्या बुडासारखी काळी. मी सेट उचलला आणि खाली कंपनीला कळवलं.

"तेल में मिलावट का शक है. ओव्हर."

"सॅम्पल रखो. मौसम खुलते ही बदली करेंगे. तब तक वही जलाओ. ओव्हर."

"यहाँ साँस नहीं ली जा रही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

बुखारी पेटवावी तर माझा जीव जाणार, विझवावी तर सहाही जण गारठणार. खालच्या पोस्टवर जुना साठा शिल्लक होता. तो आणायला शौकत तयार झाला.

"हवा बघ जरा," मी म्हणालो.

"हवा बघत बसलो तर तुमचं काय खरं न्हाय, उस्ताद."

कंपनी कमांडरनं परवानगी दिली. तो आणि लान्स नाईक पाटील एका दोराला बांधून उतरले, दुपारी जेरीकॅन घेऊन परत चढू लागले. पोस्ट हाकेच्या अंतरावर असताना वरचं बर्फ सुटलं. पाटील जिवंत निघाला. शौकतला काढलं तेव्हा उशीर झाला होता. जेरीकॅन पाठीवर तसाच बांधलेला होता.

त्याच कॅनमधलं रॉकेल आम्ही बुखारीत ओतलं. मला श्वास घेता येत होता आणि तो घ्यायची लाज वाटत होती.

पुढं सॅम्पलचा रिपोर्ट आला: गंधक मर्यादेपेक्षा जास्त. भेसळ कुणी केली, टँकर कुठं थांबला होता, ते आजवर कळलं नाही. पण ज्याच्या हातून ते बॅरल गेले, त्या प्रत्येकावर माझा अजून संशय आहे.

आता मी कोल्हापुरात असतो. पंपावरच्या डिझेलात हल्ली गंधक नावापुरतंच असतं म्हणे. असेल. पण कागलच्या रस्त्यावर एखादा ट्रक तिखट धूर सोडून गेला की मी त्याचा नंबर बघतो.

"अवं, सोडा की आता," बायको म्हणते. "रिटायर झालायसा न्हवं?"

शौकतच्या बरसीला मी दरवर्षी त्याच्या गावी जातो. अंगठी त्याच्या वडिलांकडं असते, अजून तशीच काळी. यंदा न राहवून मी विचारलं, "चाचा, अख्ख्या गावाची चांदी तुम्ही उजळून देता. हीच का न्हाई उजळली?"

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"मिनटात उजळंल की. पर मग लोकं म्हणतील, रॉकेल चांगलं हुतं."