खिडकीपर्यंत सात पावलं

माझ्या आतड्यातली गाठ काढायचा दिवस ठरला, तेव्हा आम्ही ग्रामदेवीला कौल लावला. उजवं फूल पडलं की होकार. मी तासभर डोळे लावून बसले. एकही फूल हललं नाही. गुरव म्हणाला, "आई आज बोलत नाही." माझा धीरच गेला. यजमान म्हणाले, "गाठ काही थांबायची नाही. जायलाच हवं." रत्नागिरीच्या इस्पितळात मी गेले ती देवीवर रुसूनच.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "चला, थोडं चालायचं. चाललं की आतडी लवकर जागी होतात." मला दरदरून घाम फुटला. मी अकरावीत असताना माझे वडील अशाच ऑपरेशननंतर खाटेवरून उतरले आणि माझ्यादेखत कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पाय जमिनीला लागला की टाके उसवणार, असंच मला वाटे. दुखतंय असं सांगून मी दोन दिवस पडून राहिले. देवीचं नावही घेतलं नाही. घेतलं आणि ती पुन्हा गप्पच राहिली तर?

चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. वारा सरेना, मळमळ थांबेना. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. बाई, चाला हो."

दुपारी यजमान औषधं आणायला गेले आणि मला रडू फुटलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींना भेटायला मंडणगडकडची एक बाई आली होती. ती जवळ आली. "काय झालं बाय?" त्या अनोळखी बाईला मी वडिलांपासून सगळं सांगितलं. तिनं समजूत घातली नाही. वॉर्डाकडे पाठ करून पदर बाजूला केला. पोटावर लांब उभा व्रण होता.

"माझं पण आतडं कापलंनी गेल्या साली. भीती जायची वाट बघू नका, ती जात नाय. तिला घेऊनच चालायचं. आईचं नाव घ्या नि पाय खाली सोडा."

तिनं सिस्टरना हाक मारली. दोघींनी मला धरलं. डोळ्यांपुढे वडील दिसत होते. "आई" म्हटलं आणि पाऊल टाकलं. खिडकीपर्यंत सात पावलं झाली. मी उभीच होते. टाके जागच्या जागी होते. तासाभरानं पुन्हा चाललो, मग आणखी एकदा.

दिवेलागणीला पोटात गुरगुरलं आणि वारा सरला. इतक्या साध्या गोष्टीसाठी यजमान आणि मी हसत होतो, रडत होतो. ती बाई तोवर शेवटच्या एसटीनं निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

ती कोण होती, कोणी पाठवली, याचा वाद मी घालत नाही. अजूनही तपासणीच्या दिवशी हातपाय गार पडतात. पण घरी आल्यावर पहिली पेज पुढ्यात आली, तेव्हा हात आपोआप जुळले: आई, पाय मी टाकीन. पुढचं तुझं.