पाण्यातली लाल रेघ

चौथीनंतर मी शाळा सोडली. पोरगी मोठ्या शहरात काय करून राह्यली, ते तिच्या आईलेच समजे. रोज फोन झाला की बायको मले सांगायची, "ते बारीक कण झाडासारखे असतात म्हणते. बुंध्याले पाणी आवडत नाही, फांद्याइले आवडते. पाण्यात टाकले का बुंधे आपसूक एकमेकांपाशी लपतात, फांद्या भायेर. त्याचा गोळा होते. पुढं त्यात औषध भरता येईन." मी म्हणायचो, "सोयाबीनवर चालते का?" बायकोले ते एकदा डोळ्यानं पाहाचं होतं. पोरगी सुटीत आणणार होती. त्याआधीच बायको गेली.

बायकोच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले पोरगी आली ते दोन बाटल्या घेऊन. जेवणं झाल्यावर माणसं घरात बसली होती. आईच्या फोटोपुढं तिनं बाटल्या ठेवल्या. एकीत नुसतं शुद्ध पाणी, दुसरीत तिचं, त्या गोळ्याचं. दोन्ही सारखंच नितळ. तिनं लाल लेझर मारला. पहिल्या बाटलीत काही दिसलं नाही. दुसरीत आरपार लाल रेघ उमटली, सुतासारखी.

"गोळे दिसत नाहीत, पण उजेड त्याइले धडकते," ती म्हणाली. ती फोटोशीच बोलत होती.

मले ते सहन झालं नाही. उठलो, टाकीचं पाणी गिलासात आणलं आणि तिच्या हातातला लेझर त्यावर धरला. रेघ दिसली, तिच्यापेक्षा जाड.

"हे तं आमच्या टाकीतबी होते! एवढी वर्षं काय शिकली मंग?"

मालेगावचा साळा मांडीवर थाप मारून म्हणाला, "भाऊजी, आपुन बी सायंटिस्टच की!" सारे हसले. मीबी हसलो. पोरगीनं बाटल्या पुसल्या, लेझरसकट फोटोपाशी ठेवल्या. "आईसाठी आणल्या होत्या, आईपाशीच राहू द्या," म्हणाली आणि सकाळच्या बसनं गेली. मग फोन नाही.

गिलास तसाच फळीवर राह्यला होता. काही दिवसांनी पाहतो, तं तळाशी गाळ बसलेला. लेझर मारला. वरच्या पाण्यात रेघ नावालेच उरली होती. तिच्या बाटलीवर मारला, तं तिथं मात्र रेघ पहिल्यासारखीच. आमच्या पाण्यात माती होती, एवढंच. फोटोकडं मान वर करून पाहवलं नाही.

फोन लावला. "माहं चुकलं, बेटा."

"हसले तवा सारे होते बाबा. आता एकट्यात काहून सांगता?"

खरं बोलली. हसणाऱ्याइपुढंच सांगाले पाहिजे होतं. गिलासातलं टाकीचं नितळलेलं पाणी एका रिकाम्या बाटलीत अलगद ओतलं, पण थोडा गाळ आलाच. तिची बाटली घेतली आणि मेडशीवरून मालेगावची बस धरली. साळ्यानं दार उघडलं. मी आधी तिच्या बाटलीवर लेझर मारला, मग आपल्या. दोन्हीत रेघ! बसच्या दणक्यांनी गाळ सारा ढवळला होता.

"भाऊजी, हेच दाखवाले आले?"

कान तापले. कसंबसं सारं सांगितलं. साळा हसला नाही. त्यानं टाकीची बाटली उचलून फळीवर ठेवली.

"माह्या बहिणीची पोरगी हाय. मीबी हसलो होतो," तो म्हणाला. "गाळ बसेपर्यंत राहा आता."

मी राह्यलो. संध्याकाळी साळ्यासमोरच फोन करून पोरगीले सांगितलं, तुह्या पाण्याले बसनं काही झालं नाही. ती म्हणाली, "मामाले द्या फोन."