भिवाच्या हाताला बसेल असा कॅमेरा

भिवा इंगळे नवा कॅमेरा घ्यायला निघाला, ही बातमी सुरतेच्या नवागामात शिळी होऊन दोन आठवडे झाले, तरी कॅमेरा काही घरात येईना. आणि इकडे रूपालीचं लग्न दहा दिवसांवर येऊन ठेपलं.

रूपाली ही भिवाची एकुलती एक पोर. ती पाळण्यात होती तेव्हाच त्यानं अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो मी स्वतः काढणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. त्या वेळी तो कापडाच्या लूमवर कामाला होता आणि कॅमेरा त्यानं फक्त दुसऱ्यांच्या गळ्यात पाहिला होता, पण बोलायला काय जातंय! पुढं गडी खरंच फोटोग्राफर झाला, फोटोचं छोटं दुकानही टाकलं. नवागाम-डिंडोलीतल्या चारेकशे लग्नांत त्यानं लोकांना स्टेजवर चढवलं आणि उतरवलं. आणि आता पोरीचं लग्न तोंडावर आलं तेव्हाच त्याच्या जुन्या कॅमेऱ्यानं मान टाकली. बारा वर्षं राबला होता बिचारा. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आत डोकावला, परत बंद केला आणि भिवाच्या हातात ठेवला.

चंपाबाईला, म्हणजे भिवाच्या बायकोला, हे बरंच झालं असं वाटलं. ती म्हणाली की फोटोला दुसरा माणूस बघा, त्या दिवशी तुम्हाला वेगळं काम आहे. भिवानं विचारलं, फोटो सोडून मला दुसरं काय काम येतं? यावर चंपाबाईनं कपाळाला हात लावला आणि पीठ मळायला घेतलं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? दुकानात जाईल, एक कॅमेरा उचलील, घरी येईल. पण भिवाची गोष्ट निराळी. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी लूमच्या पट्ट्यात जाऊन एका पेरानं आखूड झालेली, आणि फोटोचं बटण दाबायचं बोट नेमकं तेच. जुन्या कॅमेऱ्याचं बटण त्या अर्ध्या बोटाखाली बरोबर यायचं. दुसऱ्या कॅमेऱ्यात ते बोटभर पुढं असलं की संपलंच. बोट पोचत नाही, मधल्या बोटानं दाबावं तर पकड सुटते. म्हणून फोटो कसा येतो हे भिवा विचारतच नसे. फोटो सगळेच बरे काढतात, म्हणायचा, हातात कसा बसतो तेवढं बोला.

स्टेशनजवळ हसमुखभाईचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. तिथं भिवा दिवसाआड जाऊन बसू लागला. त्याची रीत अशी, की स्टुलावर ताठ बसायचं, डोळे गच्च मिटायचे, उजवा हात पुढं करायचा आणि म्हणायचं, द्या. हसमुखभाई हातात एकेक कॅमेरा ठेवत जायचा. दुकानात आलेली नवी गिऱ्हाइकं आधी हसमुखभाईकडे आणि मग दाराकडे बघायची.

पहिला कॅमेरा इतका हलका, की भिवानं डोळे न उघडताच विचारलं, आत काही भरलंय की डबाच दिलाय? फोटोग्राफरची मान आखडल्याशिवाय लग्नघरच्यांना त्यानं काही काम केलं असं वाटतच नाही, असा त्याचा अनुभव होता. दुसरा उलट एवढा जाडजूड, की भोपळा एका हातानं उचलल्यासारखं मनगट वाकलं. तिसऱ्याची पकड छान होती, बटणही बोटाखाली आलं, भिवाच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की करंगळीला जागाच नाही. चारही बोटं कामावर आणि ही एकटी खाली लोंबकळतेय. ते काही त्याला बघवेना. चौथ्याचं रबर घामानं चिकट व्हायचं, आणि सुरतेत घाम काय पाहुणा म्हणून येतो? पाचव्याचं अंगठ्याखालचं चाक उलटं फिरायचं. सहाव्यात सगळं जमलं, पण आवाज कसला तो, मांजरानं शिंकल्यासारखा. बँड वाजत असताना फोटो निघाला हे मला कळायचं कसं, असं म्हणून भिवानं तोही परत केला.

बसून झालं की चालून बघायचं. मग दुकानातल्या खुर्चीवर चढून, एका हातानं कॅमेरा डोक्यावर धरून, दुसऱ्या हातानं मध्येच मोबाइल घेऊन घुसणाऱ्या मामाला बाजूला सारायची तालीम. मामा म्हणून हसमुखभाईलाच उभं राहावं लागे. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काका, कॅमेरो लेवानो छे के साडी? घ्यायचंय काय नेमकं?"

लग्नाला पाच दिवस राहिले आणि सातवा कॅमेरा हातात आला. अर्धं बोट आपोआप बटणावर जाऊन पडलं. करंगळीला जागा मिळाली. वजन असं, की हातात काहीतरी आहे हेही कळावं आणि खांदाही शाबूत राहावा. आवाज तर खटक्, एकदम ठसठशीत. भिवा बराच वेळ डोळे मिटून नुसता बसून राहिला. हसमुखभाईला वाटलं, काकांना चक्कर आली.

लेन्स घरात होतीच, म्हणून त्यानं नुसता कॅमेरा घेतला. घरी आणल्यावर भिवानं येईल-जाईल त्याच्या हातात तो दिला. दूधवाल्यालाही डोळे मिटायला लावले. हळदीच्या सकाळी मात्र त्यानं पेटीतली आपली जुनी लेन्स काढली, नव्या कॅमेऱ्याला लावायला गेला, आणि ती बसेना. डावीकडून फिरवली, उजवीकडून फिरवली, फुंकर मारली, रुसलेल्या जावयासारखी गोंजारली. बसेल कशी? कंपनीच दुसरी! दुकानात दर वेळी दुकानाचीच लेन्स लावलेली असायची, आणि तीन आठवडे सगळी पारख डोळे मिटून झाल्यामुळं पुढं ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं नाव गड्यानं एकदाही वाचलं नव्हतं. हसमुखभाईला फोन लावला तर तो दुकान बंद करून बारडोलीला सासुरवाडीला गेलेला.

चंपाबाईनं पुन्हा कपाळाला हात लावला आणि हळद कालवायला घेतली. निमूटपणे उठून तो कतारगामला सुशांतकडे गेला. सुशांत हा तिशीतला फोटोग्राफर, आणि त्याच्या कॅमेऱ्याला भिवा गेली दोन वर्षं चारचौघांत खेळणं म्हणत आला होता. त्या खेळण्याची आणि भिवाच्या नव्या कॅमेऱ्याची कंपनी एकच निघाली. सुशांत खो-खो हसला असता तरी भिवानं सोसलं असतं, पण पोरगा सज्जन. तो म्हणाला, "काका, लेन्स मी घेऊन येतो. मला पत्रिका आहेच."

आणि खरंच, लग्नाच्या दिवशी भिवाइतका खूश माणूस मांडवात दुसरा नव्हता. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात नवा कॅमेरा, त्यावर सुशांतची लेन्स. खुर्चीवर चढला, जमिनीवर बसला, दोन मामांना कोपरानं बाजूला केलं. पांढऱ्या साडीतली रूपाली स्टेजवर आली तेव्हा त्यानं एका दमात चाळीस फोटो काढले. व्याही भेटायला पुढं आले, तर त्यांनाही हातानंच थोडं डावीकडे सरकवलं.

त्रिशरण-पंचशीलाआधी दोन्हीकडच्या आई-वडिलांनी प्रतिमांपुढं मेणबत्त्या लावायच्या होत्या. बौद्धाचार्यांनी माइकवरून एकेकाला बोलावलं. नवऱ्याचे आई-वडील आले, भिवानं फोटो काढला. चंपाबाई आली, तिचाही काढला. मग बौद्धाचार्य म्हणाले, वधूपित्यांनी पुढं यावं. भिवा गुडघा टेकून, डोळ्याला कॅमेरा लावून तयार. कुणी येईना. बौद्धाचार्यांनी परत पुकारा केला. भिवानं कॅमेरा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, माणूस काही दिसेना. चारशे लग्नांची सवय, तोंडातून नेहमीचा खणखणीत आवाज निघालाच.

"नवरीचे वडील कुठायत? लवकर पुढं या, लोक खोळंबलेत!"

मांडव असा हसला, की माइक शिट्टी मारायला लागला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, व्याही खुर्चीला धरून हसले, सुशांतही हसला. भिवा तसाच गुडघ्यावर, लोक कशाला हसतात ते बघायला मागं वळलेला. रूपाली तेवढी हसत नव्हती. स्टेजच्या कडेपर्यंत येऊन ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, ते तुम्ही आहात."

भिवानं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. सकाळपासून त्यानं पोरीला त्या चौकटीतूनच पाहिलं होतं. आता ती समोर उभी होती, डोळे भरलेली, आणि उद्या घरात नसणारी. तीन आठवडे तो दुकानात डोळे मिटून काय करत होता, ते त्याला तिथं उमगलं. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याची पोर सासरी जात नाही, असंच तो धरून चालला होता.

तो उठला. पट्टा मानेतून काढला आणि कॅमेरा सुशांतच्या हातात दिला. घे, म्हणाला, जड आहे, नीट धर. मग स्टेजवर चढून त्यानं मेणबत्ती घेतली. हजारो लोकांना इकडे बघा, हसा म्हणणारा हा माणूस, पण स्वतः उभं कसं राहावं ते त्याला कळेना. उजवा हात तर कॅमेरा धरल्यासारखा छातीशी वाकलेलाच राहिला. शेवटी रूपालीनं तो हात धरून खाली घेतला आणि सोडलाच नाही. सुशांतनं बटण दाबलं.

तो फोटो आता भिवाच्या दुकानात दर्शनी भिंतीवर आहे. तो जरा तिरका आलाय, साडीचा पांढरा रंग वाजवीपेक्षा उजळलाय, आणि या दोन्ही चुका भिवा येईल त्याला बोट ठेवून दाखवतो. मग गिऱ्हाईक विचारतं, एवढा तिरका काढलात कसा?

"काढलाय सुशांतनं," भिवा म्हणतो. "मी पोरीचा बाप."