फरशीवरचे चार ठिपके

स्टिरिओ विकायची जाहिरात मी सकाळी मोबाइलवर टाकली, दुपारी काढली, संध्याकाळी पुन्हा टाकली. निवृत्तीनंतर लेकीच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं होतं आणि माझे कमरेएवढे स्पीकर तिथं मावणार नव्हते. इतकी साधी गोष्ट, तरी मी घरभर येरझारा घालत होतो आणि बायकोवर विनाकारण खेकसत होतो.

या स्टिरिओपायी मी हिंगोलीत येडा ठरलो होतो. अठरा वर्षांपूर्वी सोबतचे लोक प्लॉट घेत होते, मी आवाज घेतला. दोन्ही स्पीकरचा आवाज बरोबर एकाच जागी जुळतो, म्हणून तिथं माझी खुर्ची. ती हलू नये म्हणून तिच्या चार पायांखाली फरशीवर ऑइलपेंटचे चार ठिपके. बायको रोज फरशी पुसायची आणि खुर्ची ठिपक्यांवर परत ठेवायची. बोटभर जरी चुकली, तरी मी बोलायचो.

नांदेडहून एक गिऱ्हाईक आलं. तरुण, पण कानाचा पक्का. माझ्या खुर्चीत बसून त्यानं सतार-तबल्याची रेकॉर्ड लावायला सांगितली. त्याला तिथं बसलेलं मला बघवेना. थोड्या वेळानं तो मागच्या वायरी तपासायला उठला आणि चहा देऊन उभ्या राहिलेल्या बायकोला म्हणाला, "मावशी, तुमी बसा ना जरा."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती रिकामा ट्रे मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला टेकली. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत हलली नाही.

"तुमाला हे असं ऐकू येत व्हतं?" ती म्हणाली. "सैपाकघरात तर नुसतं धमधम यायचं. मला वाटायचं, ह्या माणसाला ह्यात काय गोड लागून राहिलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांत एकदाही तिला "बस" म्हणालो नव्हतो.

गिऱ्हाइकाला सांगितलं, "तुम्हालाच देतो, पण महिन्यानं न्या."

आता रोज चार वाजता ती खुर्चीत बसते आणि मी स्वयंपाकघरात लसूण सोलतो. मन लागत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. शेजारी दुसरी खुर्ची टाकता येईल, पण जुळणारी जागा एकच आहे. भिंतीतून तबल्याची धमधम येते. सतार अजिबात ऐकू येत नाही.